वारसांचं काम

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी ध्वजवंदन होतं. मुख्यमंत्री येतात, पोलिसांचं पथक मानवंदना देतं, मराठवाडा मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांचा सत्कार होतो. १९४८ साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज शंभरीला टेकला आहे. त्यामुळे सैनिकांसाठी राखलेल्या खुर्च्यांवर आता बहुतेक करून त्यांची मुलं, सुना आणि नातवंडं दिसतात. मराठवाड्यात या मंडळींच्या संघटना आहेत. कुणी स्वतःला पाल्य म्हणवतं, कुणी वारस, कुणी उत्तराधिकारी. त्या कशासाठी हव्यात, या प्रश्नावर आमच्या घरात एकमत नाही. माझे काका मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि अशाच एका संघटनेचं काम मनापासून करतात. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. त्यांचे अण्णा ते माझे आजोबा. निजामाविरुद्धच्या लढ्यात वैजापूर तालुक्यातल्या गावात शिंदीची झाडं तोडली म्हणून ते पकडले गेले होते आणि सुटल्यावर लढ्याच्या मनमाडच्या कॅम्पात गेले. त्यामुळे आम्ही दोघंही या प्रश्नाच्या आत उभे आहोत. आमचं बोलणं झालं ते इथे मांडते.

काका : तुझा आक्षेपच मला कळत नाही. बापाची आठवण मुलांनी नाही ठेवायची तर कुणी ठेवायची? शाळेच्या पुस्तकात हैदराबादला किती जागा आहे ते तूच बघ. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, हे पोरं पाठ करतात. त्या दिवशी आपल्याकडे, निजामाच्या राज्यात, तिरंगा फडकवणं हा गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी पकडलं. पुढचे तेरा महिने गावागावांत निजामाच्या बाजूच्या रझाकारांची दहशत होती. मग १३ सप्टेंबरला फौज आत आली आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले. हे मी तीस वर्षं वर्गात सांगितलं, कारण ते मी अण्णांकडून ऐकलं होतं. पुस्तकातून नाही.

मी : काका, आठवण ठेवू नका असं मी कधीच म्हटलं नाही. ती रक्ताच्या नात्यावर का ठेवायची, एवढंच विचारते. स्वामीजी संन्यासी. त्यांना मूलबाळ नाही. तुमच्या संघटनेच्या नियमाने या सगळ्या लढ्याच्या नेत्याला वारसच नाही. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीत त्यांनी ज्या मुलांना घडवलं, ती त्यांची कुणीच नव्हेत का?

काका : स्वामीजी सगळ्यांचेच. त्यांच्या नावाने नांदेडला विद्यापीठ आहे, आपल्या शहरात संशोधन संस्था आहे. त्यांना आमची गरज नाही. पण अण्णांच्या नावाने कोण विद्यापीठ काढणार? गावोगावचे असे शेकडो अण्णा. त्यांची नावं कुणी ओळीने लिहून ठेवायची? जे मोठे झाले त्यांना इतिहास सांभाळतो. बाकीच्यांना घरचेच सांभाळतात.

मी : आणि ज्यांना घरच राहिलं नाही, त्यांना? क्रांती चौकातला काळा चबुतरा तुम्ही रोज बघता. १८५७ च्या जूनमध्ये इथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या पहिल्या घोडदळाने बंड केलं. मीर फिदा अली नावाच्या दफेदाराने कॅप्टनवर गोळी झाडली, त्याला फाशी दिलं. त्याच्या पाठोपाठ आणखी कित्येक स्वार मारले गेले. त्यांच्या शिक्षेची जागा म्हणून तो चबुतरा आजही ओळखला जातो. त्यांच्या पणतूंची संघटना आहे का? त्यांचे पणतू कुठे आहेत हे तरी कुणाला माहीत आहे का? शहरानेच त्यांना आपलं म्हटलं, म्हणून ते उरले.

काका : उरले काय? सिग्नलला थांबलेल्या दहा जणांना विचार, हा चबुतरा कसला. किती जण सांगतील? शहराने आपलं म्हटलं की असं होतं. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही. त्या फिदा अलीचा एक जरी पणतू दरवर्षी तिथे येऊन उभा राहिला असता ना, तर महापालिकेने आज तिथे नावांचा फलक लावला असता.

हे काकांचं म्हणणं मला पटतं. स्मारकाची निगा हट्टी माणूसच राखतो, आणि हा हट्ट बहुधा नात्यातून येतो. स्तंभाला रंग लागला का, हुतात्म्याचं नाव चुकीचं कोरलंय का, मुख्यमंत्र्यांच्या भाषणात जिल्ह्याचा उल्लेख राहिला का, यासाठी निवेदनं घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या चढणारे लोक याच संघटनांमधले असतात. पण त्या निवेदनात आणखीही काही मागण्या असतात आणि आमचं खरं भांडण तिथे सुरू होतं.

मी : तुमच्या निवेदनातली पहिली मागणी स्मारकाची नसते, काका. नातवंडांना नोकरीत सवलत द्या, ही असते.

काका : असते. मी लपवत नाही. आणि मी स्वतः नामनिर्देशित पाल्य म्हणून नोकरीला लागलो, हेही लपवत नाही. अण्णा कॅम्पात होते तेव्हा दोन हंगाम शेत पडीक होतं. रझाकारांनी वाडा जाळला. तुझ्या आजीने दागिने मोडून घर चालवलं. थोरल्याची, म्हणजे तुझ्या वडिलांची, शाळा सुटली ती कायमची. त्या घराला सरकारने एक नोकरी दिली. ती भीक नव्हती.

मी : ती भीक नव्हतीच. त्या पिढीचं नुकसान झालं होतं, ते भरून देणं न्यायाचंच होतं. पण माझं काय नुकसान झालं? मी या शहरात शिकले, प्राध्यापक झाले. आजोबांच्या तुरुंगवासावर माझ्या मुलाने नोकरी मागितली तर ती कुणाच्या वाट्याची असेल? गावातल्या त्या भूमिहीन घरातल्या पोराच्या, ज्याच्या आजोबाने कदाचित माझ्या आजोबांइतकंच केलं पण ज्याच्याजवळ कागद नाही. शेजारच्या बांगलादेशात काय झालं ते तुम्ही पाहिलंत. १९७१ च्या मुक्तियोद्ध्यांबद्दल तिथे कुणाला अनादर नव्हता. पण नातवंडांपर्यंत पोचलेलं तीस टक्के आरक्षण जून २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने पुन्हा लागू केलं आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ते पाच टक्क्यांवर आणलं, तोवर शेकडो जीव गेले होते. ऑगस्टमध्ये सरकारच गेलं. मुक्तियोद्धा हा शब्द तिथल्या तरुणांना कसा ऐकू येऊ लागला असेल, याचा विचार करा.

काका : आपल्याकडे तीस टक्के कुठे आहे?

मी : नाही, आणि नसावं म्हणूनच बोलते. बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ मध्ये मुलीला लिहिलेल्या एका पत्रात हाच मुद्दा मांडला होता. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपलं आणि तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी एक संस्था काढली, जिचं सभासदत्व थोरल्या मुलाकडे वारशाने जाणार होतं. फ्रँकलिनचं म्हणणं असं, की मान द्यायचाच तर तो वर, आईवडिलांकडे जावा. त्यांनी हा माणूस घडवला. खाली मुलाकडे जाणाऱ्या मानात मुलाचं कर्तृत्व काय?

काका : म्हणजे मान माझ्या आजीला.

मी : हो. आणि तुमच्या आईला. दागिने तिने मोडले होते.

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बीडचा विषय स्वतःच काढला. तो काढायला धैर्य लागतं, कारण मराठवाड्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या घरांना ती जखम अजून दुखते. मुक्तिलढ्यातल्या निवृत्तिवेतनाची बीड जिल्ह्यातली साडेतीनशेहून अधिक प्रकरणं संशयात सापडली होती. न्यायमूर्ती पालकर आयोगाने ती तपासली, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये निकाल लागला. लढ्याच्या वेळी पाळण्यात असलेली माणसंही सैनिक म्हणून वेतन घेत असल्याची चर्चा तेव्हा गावोगाव होती. ज्यांनी खरोखर लाठ्या खाल्ल्या त्यांच्याकडेही लोक बोट दाखवू लागले.

काका : तेव्हा अण्णा हयात होते. एस.टी.त कुणीतरी त्यांना म्हणालं, आजोबा, तुमचं पण बीडकडचंच का? घरी आले आणि त्यांनी ताम्रपट भिंतीवरून काढून ठेवला. उमरीची बँक लुटली तेव्हा, ३० जानेवारी १९४८ ला, त्या पैशाचा पैन् पै हिशोब ठेवणारी ही माणसं. त्यांच्या नावावर हे झालं. म्हणून आमच्या संघटनेत सन्मानपत्राची प्रत दिल्याशिवाय सभासद करत नाही. तू म्हणतेस दार उघडं ठेवा. दार उघडं ठेवलं की कोण आत येतं ते आम्ही बघितलंय.

या मुद्द्याला झटकन उत्तर देता येत नाही. केंद्राच्या निवृत्तिवेतनाला साधारण सहा महिन्यांचा तुरुंगवास लागतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या सैनिकांना तीन महिने. भूमिगत असलेल्याजवळ सरकारी कागद नसेल, तर त्याला तुरुंग भोगलेल्या ज्येष्ठ सैनिकाचं प्रमाणपत्र लागतं. सरकारी तिजोरीतून पैसे द्यायचे तर असा काही नियम असायलाच हवा. पण त्या नियमाने लढ्याची व्याख्याही ठरून गेली. १९३८ साली याच शहरात इंटरमिजिएट कॉलेजच्या मुलांनी वंदे मातरम् म्हणणं सोडलं नाही, म्हणून त्यांची नावं कमी केली गेली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. त्यातला जो मुलगा पुढे तुरुंगात गेला नाही, त्याचा लढा कागदावर लागत नाही. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळक्यांचं नाव झालं, ते योग्यच झालं. पण रात्री शेतात लपलेल्या तुकडीला भाकरी पोचवणारी बाई, करोडगिरी नाक्यावर कोण पहाऱ्याला आहे ते सांगून जाणारा गुराखी, यांच्यापाशी दाखला कुठून असणार? आणि संघटनेने सभासदत्वाला तोच दाखला मागितला, की तिची आठवण कचेरीच्या फायलीएवढीच राहते.

हे मी बोलले तेव्हा काका आतून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. त्यात आजोबांच्या अटकेचा मूळ हुकूम होता. उर्दूत. तारीखसुद्धा निजामी फसली सालातली.

काका : पेन्शनच्या वेळी याचं भाषांतर करून घेतलं होतं, फक्त अण्णांच्या नावापुरतं. बाकीचं कुणी वाचलंच नाही. अण्णा उर्दू शाळेत शिकले होते, त्यांना वाचता यायचं. आम्हा भावंडांत एकालाही येत नाही. मागच्या वर्षी मी हा कागद शहागंजातल्या एका निवृत्त शिक्षकांकडे नेला. जुने ओळखीचे, आम्ही परीक्षांच्या कामाला बरोबर असायचो. त्यांनी भिंग लावून सगळा वाचला. अण्णांच्या नावाखाली आणखी चार नावं आहेत. दोन आमच्या भावकीतली. एक नाव येसकराच्या मुलाचं. आणि एक मुसलमान. गावातला तांबोळी.

मी : आजोबांनी कधी सांगितलं नव्हतं?

काका : येसकराच्या पोराचं सांगायचे, झाड तोडायला पहिली कुऱ्हाड त्याची होती म्हणून. तांबोळ्याचं कधी नाही. पोलीस अॅक्शननंतर म्हणजे फौज आल्यावर तो गावात राहिला नाही.

मी : आणि तुमच्या संघटनेच्या वहीत ही चार नावं आहेत का?

काका : नाहीत. कुणी अर्जच केला नव्हता.

पोलीस अॅक्शननंतर काय झालं, हे मराठवाड्यात दबक्या आवाजात बोललं जातं. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली भारत सरकारनेच पाठवलेल्या मंडळाने तेव्हा संस्थानात फिरून अहवाल दिला. कमीत कमी धरले तरी सत्तावीस ते चाळीस हजार माणसं त्या दिवसांत मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. मारले गेलेले बहुतांश मुसलमान होते आणि उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. तो अहवाल पासष्टएक वर्षं लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी जाळलेली गावं आम्हाला नावानिशी पाठ आहेत आणि ती पाठ असलीच पाहिजेत. पण हैदराबादेत ‘इमरोज’ चालवणारा संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा असं लिहीत होता, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा खून झाला, हेही पाठ असलं पाहिजे. आणि आमच्याच गावचा तांबोळी, ज्याने आमच्या आजोबांबरोबर शिंदीची झाडं तोडली, तो महिन्याभरात गाव सोडून का गेला, हे आम्हाला विचारता आलं पाहिजे. असं विचारल्याने आजोबांचा लढा तसूभरही लहान होत नाही.

काका : हे सगळं संघटनेच्या सभेत बोलायचं म्हणतेस? लोक उठून जातील.

मी : काही जातील. अमेरिकेत क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या मुलीनातींची एक संस्था आहे, १८९० पासूनची. १९३९ मध्ये तिने मॅरियन अँडरसन या गायिकेला ती काळी म्हणून आपलं सभागृह नाकारलं. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी संस्थेचा राजीनामा दिला आणि अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर हजारोंपुढे गायल्या. एवढा डाग लागलेली संस्था.

काका : पुढे?

मी : पुढे त्याच संस्थेने क्रांतियुद्धात लढलेल्या काळ्या आणि मूळनिवासी सैनिकांची नावं जुन्या दप्तरांतून शोधून काढली. २००८ मध्ये त्यांचं जाडजूड पुस्तक छापलं. हजारो नावं आहेत त्यात.

काका : म्हणजे वंशावळी जपणाऱ्या लोकांनीच ते केलं. त्यांनाच दप्तर कसं चाळायचं ते ठाऊक होतं. हा माझा मुद्दा झाला, तुझा नाही.

मी : झाला. घ्या.

आणि खरंच तो काकांचा मुद्दा आहे. सन्मानपत्रं, हुकूम, पत्रं, कॅम्पातल्या हजेऱ्या यांची चिकाटीने राखण करणारे लोक याच घरांत आहेत. विद्यापीठात संशोधक येतो, प्रबंध होतो, संशोधक जातो. काकांसारखा माणूस पन्नास वर्षं एकच पिशवी सांभाळतो. मराठवाड्याला या माणसांची गरज आहे. पण त्यांच्या संघटनेला दोन कामं एकत्र बांधली गेली आहेत आणि सगळा घोळ त्या गाठीत आहे. लाभ मिळवून द्यायचा तर पुरावा कडक हवा, दार अरुंद हवं. बीडने ते शिकवलं. आठवण सांभाळायची तर दार रुंद हवं, तोंडी सांगितलेलंही लिहून घ्यायला हवं. या दोन गोष्टी एकाच वहीत होत नाहीत. जिथे मिळण्यासारखं काही नसतं तिथे खोटं नाव लावायला कुणी येत नाही. म्हणून लाभाची मागणी ज्या दिवशी संघटना सोडून देईल, त्या दिवशी तिला येसकराचा मुलगाही लिहिता येईल आणि तांबोळीही.

काका : सोडून देईल म्हणतेस. ज्या विधवा सुनेचं घर त्या वेतनावर चाललं, तिला तू हे सांगशील?

मी : सैनिक आणि सैनिकाची विधवा यांचा हक्क सरकारने शेवटच्या माणसापर्यंत द्यावा, वेळेवर द्यावा, त्यासाठी मी तुमच्याबरोबर जिल्हाधिकारी कार्यालयात येते. त्यांच्या मुलांमध्ये कुणी आजारी, निराधार असेल तर त्याच्यासाठीही. नातवंडांच्या नोकरीसाठी येणार नाही.

काका : आणि वही?

मी : वही तुम्ही सुरू करा. उर्दू वाचायला तुमचे ते शहागंजातले सर आहेत. वर्गातली चार मुलं मी देते.

काकांनी होकार दिला नाही. कार्यकारिणीपुढे विषय ठेवतो म्हणाले, आणि नातवंडांच्या मुद्द्यावर ते अजून आपल्या जागी आहेत. मी माझ्या. पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी गावी फोन करून येसकराच्या घरातल्या थोरल्या माणसाचा नंबर मिळवला.

हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते आणि त्यांतले पाच मराठी. ते संस्थान आज तीन राज्यांत वाटलं गेलं आहे. १७ सप्टेंबरला प्रत्येक राज्य वेगळं नाव देतं आणि आपल्यापुरतं बोलतं. सरकारी दप्तराचा मोठा भाग हैदराबादेत आणि उर्दूत आहे. उरलेला भाग मराठवाड्यातल्या घरांतल्या ट्रंकांमध्ये, कपाटांवर, प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये आहे. तो वाचू शकणारी पिढी झपाट्याने संपते आहे. तुमच्या घरात असा कागद असेल तर त्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा आणि एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात द्या. उर्दू जाणणाऱ्याकडून तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या. आपल्या माणसाच्या नावाखाली आणखी नावं असतील, तर ती ज्या घरांची आहेत त्या घरांना जाऊन सांगा.